भोपळ्याला बोट

आमच्या घरी अख्खा भोपळा आला की तो अण्णांची वाट बघत ओट्याखाली बसून राहायचा. पहिला वार पुरुषाने करायचा, बाईने केला तर तो घरच्या पुरुषाला बाधतो, असा आईचा दंडक होता. अण्णा, म्हणजे माझे वडील, कचेरीत कारकून होते. साडेपाचच्या सुमाराला सायकल जिन्याखाली लावून वर यायचे, टोपी खुंटीला अडकवायचे आणि चहाच्या आधी हातपाय धुऊन सुरी मागायचे. एक खाप पाडली की त्यांचं काम संपलं. पुढचं सालं काढणं, बिया सोडवणं, किसणं सगळं आई करायची, आणि अण्णा मात्र मोठा पराक्रम केल्यासारखे पाटावर मांडी ठोकून चहा पीत बसायचे. नवी पेठेच्या मागच्या बोळात पहिल्या मजल्यावर आमच्या तीन खोल्या होत्या. खाली कापडाचं गोदाम. दिवसभर गठ्ठे आपटल्याचे आवाज, हमालांची हाकाहाकी आणि चादरींच्या नव्या सुताचा वास जिन्यातून वर यायचा. भोपळ्याच्या दिवशी त्या वासावर गुळाचा वास मात करायचा. कीस गुळात शिजायचा, त्यात मावेल तेवढी कणीक जायची आणि घारगे तळायला सुरुवात झाली की खालचा मुनीम कसलं तरी निमित्त काढून वर यायचाच. आई त्याला न विचारता दोन घारगे हातावर ठेवायची.

मला नुकतंच विसावं लागलं होतं. बालवाडीच्या शिक्षिकेचा कोर्स पुरा झाला होता आणि माझ्याइतकं शहाणं सोलापुरात दुसरं कुणी नाही अशी माझी पक्की समजूत होती. विणकरांच्या वस्तीतल्या एका लहानशा बालवाडीत मला घेतलं होतं, तेही 'तीन महिने बघू' या बोलीवर. दोन खोल्या, पुढे अंगण, अंगणात एक नळ आणि पलीकडच्या गल्लीतून सकाळपासून येणारा मागांचा खडखडाट. मुलांना त्या खडखडाटाचं काही वाटत नसे. माग बंद पडले की मात्र ती दचकून वर बघायची. शाळेच्या प्रमुख म्हणजे मोठ्या बाई. कमी बोलायच्या, पांढरी सुती साडी नेसायच्या आणि आपण वर्गात शिकवत असताना दारात कधी येऊन उभ्या राहिल्या ते कळायचंही नाही. तिसरी गंगूमावशी. ती मंगळवेढ्याकडच्या मेंढपाळ घरातली, नवऱ्यामागे शहरात येऊन राहिलेली. मुलांना घरून आणणं, पोचवणं, नाकं पुसणं, खाऊ वाटणं आणि माझ्यावर लक्ष ठेवणं अशी तिची कामं होती. शेवटचं काम तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.

आषाढात आम्ही नळाच्या सांडपाण्यापाशी भोपळ्याच्या बिया लावल्या. ती कल्पना माझी. मुलांनी बी पेरायचं, वेल वाढताना बघायचा, तो चित्रात काढायचा आणि त्याच चित्रांवरून अक्षरओळख करून घ्यायची, असं मी वहीत लाल शाईने अधोरेखित करून लिहिलं होतं. ओळखीच्या साडीवाल्याकडून मी घडीतले पुठ्ठे मागून आणले, त्यांवर पांढरे कागद डकवले आणि सुतळीने ओवून एक भलं मोठं पुस्तक केलं. दोन मुलं उघडून धरतील एवढं मोठं. बी, कोंब, वेल, फूल, बाळभोपळा, भोपळा अशी सहा पानं आणि प्रत्येक चित्राखाली ठळक अक्षरात एक ओळ. चित्रं मी जीव ओतून काढली होती. मुलांना आवडावं म्हणून पाचव्या पानावरच्या बाळभोपळ्याला मी डोळे काढले, हसरं तोंड काढलं आणि डोक्यावर तान्ह्या बाळाला घालतात तशी लाल कुंचीही चढवली. त्या कुंचीचा मला पुढे फार पश्चात्ताप झाला. माझी धाकटी नात परवा मला तिच्या शाळेने पाठवलेली फिल्म फोनवर दाखवत होती. अर्ध्या मिनिटात बी रुजलं, वेल पसरला, फूल आलं, भोपळा तयार! मी तिला म्हटलं, 'बरं आहे बाई तुमचं, चुका करायलाही वेळ नाही.' तिला ते काही कळलं नाही, आणि कळावं असं वयही नाही तिचं.

श्रावण सरत आला तशी वेलावर फुलं दिसायला लागली. पिवळीधमक, मुलांच्या पंजाएवढी. मग आमचा चित्रांचा तास बहरला. मुलं रोज सकाळी फुलं तोडून आणायची, रंगात बुडवून कागदावर ठसे उठवायची, पाकळ्या चिकटवायची. फुलं दहा वाजेपर्यंत मिटून मलूल होतात म्हणून आदल्या दिवशीच टपोऱ्या कळ्या तोडून मी वाटीतल्या पाण्यात ठेवायला लागले. फळ धरणारी फुलं तोडायची नाहीत एवढी अक्कल मला होती. ज्यांच्या देठाशी हिरवी गाठ आहे ती ठेवायची आणि जी नुसतीच लांब देठावर उभी आहेत ती बिनकामाची, ती घ्यायची, असा नियम मी मुलांना घालून दिला होता. उरलेली फुलं पदराखाली झाकून घरी न्यायची. आई त्यांची डाळीच्या पिठात बुडवून भजी करायची. गंगूमावशी झाडू मारता मारता थांबायची आणि माझ्या वाटीकडे बघून म्हणायची, "लई फुलं तोडताय की बाई." मी म्हणायची, "मावशी, ही कामाची फुलं नाहीत." ती "व्हय का?" एवढं म्हणून पुन्हा झाडायला लागायची.

पुस्तक वाचायची आमची पद्धत ठरलेली होती. एकेका मुलाने पुढे यायचं, चित्रावर बोट ठेवायचं, मग खालच्या ओळीवरून बोट फिरवत म्हणायचं. कोर्समध्ये आम्हाला हेच शिकवलं होतं, की बोट फिरलं की डोळा फिरतो. चौथ्या पानापर्यंत सगळं सुरळीत झालं. पाचवं पान उघडलं आणि पहिल्याच मुलाने बोट मुडपलं. तर्जनी आत दुमडून नुसत्या पेराने त्याने बाळभोपळ्याकडे दाखवलं. दुसरीनेही तेच केलं. तिसऱ्याने तर हातच मागे घेतला आणि हनुवटीने दाखवलं. मला आधी हसू आलं. मी म्हटलं, "अरे, सरळ बोट ठेवा की." तेव्हा सगळा वर्ग एका सुरात मला समजावायला लागला. "बाई, बोट दाखवत नसतात. कोवळं असतंय. बोट दाखवलं की सडतंय. मग गळून पडतंय." मराठी घरातली मुलं तेच सांगत होती, तेलुगू घरातली मुलंही तेच. भोपळ्याला तेलुगूत गुम्मडिकाय म्हणतात हे मला त्यांनीच शिकवलं होतं, पण बोटाच्या बाबतीत दोन्ही भाषांचं एकमत होतं.

खरं म्हणजे मी तिथेच हसून पान उलटायला हवं होतं. पण दारात मोठ्या बाई उभ्या होत्या, तीन महिन्यांतले दोन संपले होते आणि माझ्या अंगात विज्ञान संचारलं होतं. "चला सगळे अंगणात," मी म्हटलं. वेलाला पहिलं फळ दिसत होतं. लिंबाएवढं, तुकतुकीत, टोकाला सुकलेलं फूल चिकटलेलं. त्याच्याभोवती मुलं गोल करून उभी राहिली, हात मागे बांधून. "कोण दाखवणार बोट?" कुणीच पुढे येईना. मग मी अनसूचा हात धरला. अनसू पाच वर्षांची, वर्गातली सगळ्यात ऐकणारी मुलगी. दोन घट्ट वेण्या, तोंडातून शब्द फुटायचा तो मोजका, आणि बाईंनी सांगितलं म्हणजे ते करायचंच असं मानणारी. मी तिची तर्जनी सरळ केली. तिने ती पुन्हा मुडपली. मी पुन्हा सरळ केली, आणि ते इवलंसं बोट नेऊन फळाला टेकवलं. "बघा! काय झालं? काही झालं का?" काही झालं नव्हतं. मी टाळ्या वाजवल्या, मुलांनाही वाजवायला लावल्या. अनसू आपला हात फ्रॉकला पुसत राहिली. मी मागे वळून पाहिलं तर मोठ्या बाई आत निघून गेल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी फळ पिवळं पडलं होतं. चौथ्या दिवशी ते जमिनीवर होतं. मी शाळेत पोचायच्या आत मुलांनी ते पाहिलं होतं आणि सगळी त्याच्याभोवती उभी होती. एकाही मुलाने माझ्याकडे पाहिलं नाही. सगळी अनसूकडे बघत होती. कुणी तिला काही म्हटलं नाही, चिडवलं नाही. शेजारी उभी होती ती दोघं फक्त जराशी सरकून लांब झाली. मी काहीतरी बोलले, 'असं होतं कधी कधी, दुसरं येईल' वगैरे. माझं मलाच ते खरं वाटत नव्हतं. अनसू त्या दिवशी पाटीला हात लावेना. दुसऱ्या दिवसापासून ती यायची बंद झाली.

दोन दिवस मी वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी गंगूमावशी तिच्या घरून रिकामी परत आली. "पोरगी बोटाला चिंदी बांधून बसलीया," ती म्हणाली. "काय लागलंय का म्हनून इचारलं तर बोलंना. येत बी न्हाय. तुमीच जावा एकदा." शाळा सुटल्यावर मी गेले. एकच खोली, बाहेर पत्र्याची पडवी. पडवीत अनसूची आई राजम्मा मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसली होती. बाळंतपणाला दीड महिना झाला नव्हता तोवर बाई कामाला लागलेली. आत साडीच्या झोळीत बाळ झोपलं होतं, अनसूचा भाऊ. आणि त्या झोळीपासून हात-दीड हात लांब, भिंतीला टेकून अनसू बसली होती. उजव्या हाताची तर्जनी चिंधीने गुंडाळलेली, वर दोरा आवळून बांधलेला, आणि तो हात मांडीखाली दाबून धरलेला.

"बसा की बाई," राजम्मा म्हणाली. "बघा की आता हिला. आधी झोळी सोडत नव्हती, दिवसभर बाळाचे गाल ओढायची. आता झोळी हलव म्हटलं तर पायानं हलवती. बाळाला घे म्हटलं तर रडती. बोट दाखव म्हटलं तर दाखवत नाय. काय झालं हो शाळेत?" मी अनसूसमोर बसले. तिच्या हाताकडे हात नेला तर तिने तो अजून आत दाबला. मग हळूच मला म्हणाली, "बाई, बाळाला लागंल." मला लगेच उलगडा झाला नाही. ती पुन्हा म्हणाली, "त्याला पण टोपडं हाय." झोळीत बाळाच्या डोक्यावर लाल कुंची होती. माझ्या पाचव्या पानावर होती तशीच. माझी तर पाचावर धारण बसली. 'उद्या पाठवा, मी बघते' असं काहीबाही पुटपुटत मी चपला घातल्या आणि निघाले. त्या पोरीला तिथेच तशी सोडून आले, याची आज इतक्या वर्षांनीही मला लाज वाटते.

घरी आले तर ओट्याखाली भोपळा. मी तडकलेच. भाकरी थापणाऱ्या आईसमोर उभं राहून मी अर्धा तास भाषण दिलं. लोक कसे अडाणी, पोरांच्या डोक्यात काय काय भरवून ठेवतात, फळाला बोट काय, भोपळ्याला वार काय, या सगळ्यामुळे एका मुलीचे कसे हाल चाललेत. अनसूचं बोट मीच धरलं होतं हे मी त्यात सांगितलं नाही. आईने सगळं ऐकून घेतलं. भाकरी तव्यावर टाकली, पीठ झटकलं आणि सुरी माझ्यासमोर धरली. "बरोबर आहे तुझं. चीर मग तूच. त्यांची वाट कशाला बघायची?" तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मी भोपळा ओढून पुढे घेतला, सुरी त्याच्यावर टेकवली आणि मला ती दाबता येईना. काही होणार नाही हे मला पक्कं माहीत होतं. तरी अण्णांच्या तब्येतीचे नसते विचार डोक्यात आले. मी सुरी खाली ठेवली. आईने भाकरी उलटली. त्याच क्षणी माझ्या लक्षात आलं की अंगणात मी अनसूचं बोट का वापरलं. माझं स्वतःचं बोट मला होतं की! ते पुढे करायचं मला सुचलं नाही, कारण ते मला करायचं नव्हतं. आजही मी अख्खा भोपळा घेत नाही, भाजीवाल्याकडून फाक कापून आणते. घरात मी एकटीच असते, अख्खा भोपळा लागतो कशाला, असं मी सुनेला सांगते.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत तासभर आधी पोचले. गंगूमावशी अंगण झाडत होती. मी तिला सगळं सांगितलं, कुंचीसकट, आणि विचारलं, "मावशी, तुम्ही शेतातल्या. खरं सांगा, बोट दाखवल्यानं फळ गळतं का?" ती झाडू टेकवून वेलाकडे बघत राहिली. "बोटाचं काय मला म्हाईत न्हाय. आमी बी दाखवत न्हाय, आमची आय बी दाखवत नव्हती. पर बाई, ह्या येलाचं फळ बोट दाखवलं नसतं तरी गळलंच असतं." का, म्हणून विचारलं तर ती माझ्याकडे अशी बघायला लागली जशी मी तिची थट्टा करतेय. "अवो, नराची फुलं तुमी समदी तोडून नेली की. लांब देठाची ती नराची. गाठीची ती मादीची. नराची पिवळी भुकटी मादीच्या फुलात पडाय पायजे, माश्या नेत्यात ती. भुकटीच न्हाय तर फळ धरनार कसं? धरल्यागत दिसतंय, आन् पिवळं पडून जातंय." मी खाली बसले. "मग बोलला का नाहीत मावशी?" ती खरंच गोंधळली. "तुमी शिकल्याल्या. पोरांस्नी भोपळा शिकवत हुता. म्या म्हनलं, असंल काय तरी कारन."

मला रडू यायला हवं होतं, पण आलं ते हसू, आणि त्या हसण्याबरोबर गेल्या आठवड्याचा सगळा गाळ वाहून गेल्यासारखं वाटलं. फळ अनसूने पाडलं नव्हतं. मी पाडलं होतं, ठसे उठवून आणि भजी खाऊन. चूक माझी निघाल्याचा इतका आनंद मला आयुष्यात परत कधी झाला नाही. मी तशीच मोठ्या बाईंच्या खोलीत गेले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता त्या म्हणणार, उद्यापासून येऊ नका. त्या म्हणाल्या, "मला सांगून काय उपयोग? ज्या मुलांसमोर तिचं बोट धरलंत त्यांच्यासमोर सांगा. तीही असली पाहिजे." मग चष्मा पुसत म्हणाल्या, "आणि त्यानंतरचा भोपळा गळला तर काय करणार, याचाही विचार करून ठेवा." तो विचार मी केला नव्हता.

अनसूला मी स्वतः जाऊन कडेवर घेऊन आले. चिंधी सोडवायचा मी प्रयत्न केला नाही. वर्गात सगळ्यांसमोर मी सांगितलं, की अनसूच्या बोटाने काही झालेलं नाही, चूक बाईंची आहे, फळ धरायला लांब देठाची फुलंही लागतात हेच बाईंना माहीत नव्हतं. मुलांना ही बातमी फारच आवडली. "बाईंना माहीत नव्हतं?" असं एकाने तीनदा विचारून खात्री करून घेतली. अनसूच्या चेहऱ्यावर मात्र काही हललं नाही. चिंधीचा हात पाठीमागेच राहिला. आठवडाभर आम्ही एकही फूल तोडलं नाही. मग एका सकाळी नराची तीन फुलं आणि मादीचं एक अशी एकदम उमललेली सापडली. वस्तीत मधमाश्या कुठून येणार? गंगूमावशी म्हणाली, "आमच्यात फूल घिऊन फुलात घासत्यात." मी आतून रंगवायचा सगळ्यात मऊ ब्रश आणला, तो धुऊन पुसून कोरडा केला आणि अनसूसमोर धरला. ती कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत राहिली. शेवटी तिने तो डाव्या हातात घेतला. नराच्या फुलात फिरवून पिवळा केला आणि मादीच्या फुलात, जीभ दातात धरून, इतक्या हळू फिरवला की मागे उभ्या असलेल्या मुलांनीही श्वास रोखले. ब्रशने फुलाला रंग देतेय असंच तिला वाटत असावं. मीही ते तसंच राहू दिलं.

पुढचे दहा दिवस माझे कसे गेले ते मलाच ठाऊक. रोज सकाळी शाळेच्या फाटकातून आत शिरायच्या आधी मी भिंतीवरून मान उंच करून वेलाकडे बघायची. आणि रोज, सगळी मुलं जमल्यावर, मी माझं स्वतःचं बोट सरळ करून त्या फळाला दाखवायची. पहिल्या दिवशी माझं बोट थरथरलं. मुलांना ते दिसलं आणि त्यांनी ते तसं बोलूनही दाखवलं. चौथ्या दिवशी फळ हिरवंगार होतं. सहाव्या दिवशी लिंबाचं मोसंबं झालं होतं. आठव्या दिवशी टोकाचं सुकलेलं फूल आपोआप गळून पडलं आणि मी ओरडलेच, पण गंगूमावशीने खाली वाकून फळ चाचपलं आणि म्हणाली, "धरलंय. आता काय बी होत न्हाय." माझा जीव भांड्यात पडला. मी तिच्या गळ्यात पडले, झाडूसकट. त्यानंतर एकेक मूल पुढे येऊन सरळ बोट दाखवायला लागलं, आधी लांबून, मग जवळून, मग तर फळाला कोचायला लागलं तेव्हा मलाच ओरडावं लागलं. पुस्तकात आम्ही नवी पानं ओवली. एका पानावर दोन फुलं, लांब देठाचं आणि गाठीचं. एका पानावर ब्रश. पाचव्या पानावरच्या भोपळ्याचे डोळे, तोंड आणि कुंची मी हिरव्या रंगाखाली बुजवून टाकली. मुलांनी हट्ट धरून अजून एक पान घालायला लावलं, 'एक भोपळा गळला' असं. त्याच्यावरचं चित्र सात जणांनी मिळून काढलं आणि शेजारी मला काढलं, भजी खाताना. मोठ्या बाईंनी ते पान फार वेळ पाहिलं. तीन महिन्यांची मुदत संपली त्या दिवशी त्या पुढच्या वर्षाच्या बियांची पुडी माझ्या कपाटात ठेवून गेल्या.

अनसू एवढंतेवढं बोलायला लागली होती. रोज फळ बघायची, वाचताना डाव्या हाताचं बोट अक्षरांवरून फिरवायची. पण चिंधी काही सुटेना. मळली की नवी बांधून यायची. फळ नारळाएवढं झालं तरी सुटेना. मी तिला कधी विचारलं नाही, पण माझा धीर सुटत चालला होता. बाकी सगळं निभावलं आणि हिच्या मनातलं निघालंच नाही, तर मी हे काय केलं, असं वाटायचं. एक दिवस गंगूमावशी आजारी होती म्हणून मुलांना पोचवायला मी गेले. अनसूचं घर शेवटचं. राजम्मा पडवीत विड्यांचे बंडल बांधत होती. "बाई, आत बसा की, पाणी घ्या," म्हणाली. मी उंबऱ्यावरच बसले. बाळ झोळीत गाढ झोपलं होतं.

अनसूने दप्तर खुंटीला अडकवलं. झोळीजवळ गेली, उभी राहिली. मग माझ्याकडे न बघता तिने बोटाचा दोरा दाताने ओढून तोडला आणि चिंधी उलगडली. आतलं बोट पांढरंफटक पडलं होतं, पाण्यात राहिल्यासारखं सुरकुतलेलं. ते तिने वर धरून दोन्ही बाजूंनी पाहिलं. मी जागची हलले नाही. तिने झोळीची कड बाजूला केली आणि ते बोट सरळ करून बाळाच्या गालात चांगलं रुतेल इतकं खुपसलं.

बाळाने असा काही टाहो फोडला की पडवीतून राजम्मा बंडल टाकून उठली. "अगं ए! आत्ता झोपला होता की! बोट कशाला खुपसती, वेडी?" अनसूने आईकडे लक्षच दिलं नाही. ती झोळीवर वाकून बाळाच्या लालभडक, रडक्या तोंडाकडे बघत होती. बराच वेळ बघितल्यावर ती माझ्याकडे वळली आणि तिने मला सांगितलं, "बाई, रडतोय नुसता. गळला नाय."

राजम्मा बाळाला खांद्यावर थोपटत होती, पोरीला रागावत होती आणि मी उंबऱ्यावर बसून रडतेय की हसतेय ते तिला काही कळत नव्हतं. "काय झालं हो बाई?" तिने विचारलं. तेव्हा मी तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं, कुणाचं बोट कुणी धरलं होतं ते सुद्धा.